लिहायचे एक, म्हणायचे दुसरे



हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतील मुलेमुलीही शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी इंग्लंडला जाऊ लागली आहेत. कुणी जमीन तारण ठेवून मुलाला पाठविले, कुणाच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. पारावर कुणीतरी सहज विचारतो, "अण्णा, धाकटा सध्या कुठं असतो?" अण्णा म्हणतात, "तिकडं लंडनच्या बाजूला." खरे पाहता धाकटा लंडनपासून चांगला तास-दीड तासाच्या आगगाडीच्या वाटेवर राहतो आणि त्या गावाला स्वतःचे नाव असते. पण कागदावर वाचलेले नाव मुलगा फोनवर म्हणत नाही, आणि मुलगा म्हणतो ते कागदावर सापडत नाही. चारचौघांत चुकलो तर हसे होईल, म्हणून अण्णा नावच घेत नाहीत.

पोटच्या पोराच्या गावाचे नाव घ्यायला बापाने कचरावे, ही गोष्ट काही बरी नव्हे. आणि त्यात अण्णांचा दोषही नाही. इंग्लंडमधील गावांची नावे हे प्रकरणच तसे आहे. खुद्द इंग्रजसुद्धा आपल्या मुलखाबाहेरचे नाव आले की अडखळतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, तशी तिथे पाटीवरची नावे वेगळी नि तोंडातली वेगळी. असे का झाले हे एकदा समजले, की भीती निम्मी कमी होते. शिवाय या नावांच्या पोटात गोठे, मेंढरे आणि जवाची शेते दडलेली आहेत. ती तुम्हां-आम्हां शेतकरी माणसांना लगेच ओळखीची वाटतील.

मी पंचायत समितीत कृषी विस्ताराचे काम करतो. गेल्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत रजा काढून मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. शेतकी महाविद्यालयात असताना ज्या ठिकाणांची नावे परीक्षेपुरती पाठ केली होती, ती पाहून यावीत असा बेत होता. ठिकाणे तर पाहिलीच. पण प्रत्येक ठिकाणी पाटी काय म्हणते नि माणूस काय म्हणतो, याची एका वहीत नोंद करीत गेलो. त्या वहीतील निवडक गोष्टी पुढे देत आहे.

रीडिंग नव्हे, रेडिंग

लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत एक मोठे स्टेशन येते. पाटीवर जी अक्षरे असतात, ती आपल्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकात 'वाचन' या अर्थाने येतात आणि तिथे ती 'रीडिंग' अशी वाचतात. पण स्टेशनावरची घोषणा होते 'रेडिंग'. या गावाचा वाचनाशी काही संबंध नाही. रेडा नावाच्या कुणा जुन्या पुढाऱ्याच्या माणसांची ही वस्ती. त्या नावाचा अर्थ 'तांबडा'. आपल्याकडच्या रेड्याशीही त्याचे नाते नाही, हे सांगून टाकतो. कारण ते ऐकून माझ्या सौभाग्यवतीला हसू आवरेना.

रेडिंगला विद्यापीठ आहे आणि तिथे शेतीचे शिक्षण मिळते. त्याच विद्यापीठाचे इंग्लिश ग्रामीण जीवनाचे संग्रहालय १९५१ साली सुरू झाले. घोड्यांचे नांगर, लाकडी गाडे, विळे, दूध घुसळण्याची भांडी असे सारे तिथे जपून ठेवले आहे. आपल्याकडचा जुना लाकडी औत आपण चुलीत घालतो, ही गोष्ट तिथे फिरताना मनाला लागते.

रेडिंग ज्या परगण्यात आहे त्याचे नाव अक्षरांप्रमाणे 'बर्कशायर' होते, पण बोलताना 'बार्कशर'. तसेच 'हर्टफर्ड' लिहून 'हार्टफर्ड' म्हणतात, 'डर्बी' लिहून 'डार्बी' म्हणतात. हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या कचेरीत 'क्लार्क' असतो ना? त्याच्या स्पेलिंगात 'ई' आहे, तरी आपण क्लर्क न म्हणता क्लार्क म्हणतो. पाच-सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीत बऱ्याच शब्दांतील 'अर' हा 'आर' झाला. काही शब्दांत तो टिकला, काहींत परत फिरला. क्लार्क, डार्बी आणि बार्कशर हे टिकलेल्यांपैकी आहेत.

रोमन छावणीची शेपटी

आता अण्णांच्या धाकट्याचे गाव घेऊ. पाटीवर अक्षरे आहेत एल, ई, आय, सी, ई, एस, टी, ई, आर. जोडून वाचली तर 'लायसेस्टर' किंवा 'लीसेस्टर' होईल. म्हणायचे मात्र सुटसुटीत 'लेस्टर'. याच घरातली दुसरी भावंडे म्हणजे ग्लॉस्टर, वुस्टर आणि बिस्टर. हॉटेलात मिळणारा तो काळपट, आंबट-तिखट वुस्टर सॉस याच वुस्टरचा. बाटलीवरचे लांबलचक नाव पाहून घाबरू नका.

ही शेपटी आली कुठून? इ. स. ४३ मध्ये रोमन फौजा इंग्लंडात शिरल्या आणि सुमारे ४१० सालापर्यंत तिथे रोमनांची सत्ता होती. त्यांच्या भाषेत छावणीला 'कास्त्रा' म्हणत. मागून आलेल्या लोकांनी त्या तटबंदीच्या ठिकाणांना आपल्या जिभेने 'चेस्टर' केले. म्हणून चेस्टर, मँचेस्टर, विंचेस्टर झाले. उत्तरेकडे लँकेस्टर झाले. आणि काही ठिकाणी तेच 'सेस्टर' होऊन शेवटी नुसते 'स्टर' उरले. आपल्याकडे 'गड', 'कोट' किंवा 'ठाणे' हे शब्द गावांच्या नावाला चिकटले, तसाच हा प्रकार.

पण नियम केला की अपवाद आलाच. ग्लॉस्टरच्या परगण्यातच सायरनसेस्टर नावाचे गाव आहे. इथे सगळी अक्षरे म्हणायची. शेतकी पदवीधराने या गावाला नमस्कार करावा असे ते ठिकाण आहे. कारण १८४५ साली इथे जे शेतकी महाविद्यालय स्थापन झाले, ते इंग्रजी भाषिक जगातील पहिले मानले जाते. २०१३ पासून ते विद्यापीठ आहे. या गावालाही पूर्वी 'सिसिटर' म्हणत असत. शाळा वाढल्या, आगगाडीने बाहेरची माणसे आली, पाटी वाचून नाव घेऊ लागली आणि हळूहळू अक्षरांनी जिभेला हरविले. थोडक्यात, आज चुकीचा वाटणारा उच्चार पुष्कळ लोकांनी केला, तर उद्या तोच बरोबर ठरतो.

गोठे, मेंढवाडे आणि जवाची शेते

माझ्या वहीची सर्वांत जास्त पाने 'विक' आणि 'विच' या शेपटीने भरली. जुन्या इंग्रजीत 'विक' म्हणजे वस्ती, वाडी आणि पुष्कळदा दुधदुभत्याची वाडी. आपण मळ्यात वस्ती करतो व तिला 'गोठ्याची वस्ती' म्हणतो, तसे.

लंडनच्या पश्चिम भागात 'चिझिक' आहे. अक्षरांत 'डब्ल्यू' आहे, पण तो म्हणायचा नाही. त्याचा अर्थ चीज बनविणारी वाडी. उत्तरेकडे डोंगर-तळ्यांच्या मुलखात 'केझिक' आहे. त्याचाही अर्थ तोच, चीजची वाडी. दक्षिणेला 'च' झाला, तर उत्तरेकडे डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या लोकांच्या जिभेने 'क' झाला. म्हणजे एकाच अर्थाची दोन गावे, बारा कोसांवर भाषा बदलते त्या न्यायाने वेगळी झालेली.

'बेरिक' म्हणजे जवाची वाडी. 'वॉरिक' म्हणजे बंधाऱ्याजवळची वस्ती. 'वुलिज' म्हणजे लोकरीच्या व्यापाराची जागा. आणि लंडनचे ते मोठे विमानतळ, जिथे आपल्यापैकी काहींची मुले उतरतात, ते 'गॅटविक' म्हणजे चक्क शेळ्यांची वाडी! इथे मात्र 'डब्ल्यू' स्पष्ट म्हणतात. 'इप्सविच' मध्येही म्हणतात. 'नॉरिज' मध्ये गिळतात. 'ग्रेनिच' मध्येही गिळतात. आपल्या मुलांना भूगोलात ज्या रेखावृत्तावरून जगाची वेळ शिकवितात, ते हेच ग्रेनिच.

आणखी काही अर्थ सांगतो. ऑक्सफर्ड म्हणजे बैल उतारातून पार जात ती नदीची जागा. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी. शिप्टन व स्किप्टन ही दोन्ही मेंढरांची गावे. पुन्हा तोच दक्षिण-उत्तरेचा फरक. लंडनच्या मध्यावर असलेले लँबेथ म्हणजे कोकरे उतरविण्याचा धक्का. बार्टन म्हणजे जवाचे शेत किंवा खळेवाडी. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव, चिंचवड, जांभूळवाडी अशी झाडांची नावे गावांना पडली; त्यांच्याकडे जनावरांची नि पिकांची पडली. आज स्विंडनला डुकरे नाहीत नि लँबेथला कोकरे नाहीत. पण हजार वर्षांपूर्वी तिथे काय होते याचा सातबारा त्या नावातच लिहून ठेवला आहे.

असे का झाले?

याची तीन-चार कारणे ध्यानात घेतली तर कोडे सुटते.

पहिले कारण म्हणजे बोलण्याची ढब. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो. इंग्रज शब्दाच्या एका भागावर, बहुधा पहिल्यावर, जोर देतो आणि उरलेला भाग घाईने उरकतो. रोज शंभरदा घ्यावे लागणारे नाव अशा जिभेखाली झिजून गुळगुळीत होते. आपलेही तसे होतेच. नारायणगावला बोलीत 'नाराणगाव' म्हणतात, रावसाहेबाचा 'रावसाब' होतो. फरक प्रमाणाचा आहे.

दुसरे कारण छापखाना. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातील पहिला छापखाना घातला. त्यामुळे स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले. नेमक्या त्याच काळात, म्हणजे साधारण १४०० ते १७०० च्या दरम्यान, इंग्रजीतले दीर्घ स्वर आपली जागा बदलत होते. बोलणे पुढे निघून गेले आणि लिहिणे मागे खिळून राहिले. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये निघाला, तोवर स्पेलिंग बहुतेक दगडासारखे झाले होते.

आपल्याकडे याच्या उलट घडले. गोदाकाठच्या 'प्रतिष्ठान' नगरीचे बोलता बोलता 'पैठण' झाले. मग आपण लिहूही 'पैठण' लागलो. 'करहाटक' चे कऱ्हाड, 'शूर्पारक' चे सोपारा, 'तगर' चे तेर, 'श्रीस्थानक' चे ठाणे. जसे बोललो तसे लिहिले. इंग्रजांची रीत आपण पाळली असती तर एस. टी. च्या पाटीवर 'प्रतिष्ठान' लिहिलेले असते आणि कंडक्टर 'चला पैठण, पैठण' असे ओरडला असता! लेस्टर आणि वुस्टर हे त्यांचे पैठण आणि कऱ्हाड आहेत, एवढेच समजावे.

तिसरे कारण हरवलेले आवाज. इंग्रजीत पूर्वी घशातून निघणारा, आपल्या 'ख' च्या जवळचा एक आवाज होता. तो 'जी-एच' या जोडीने लिहीत. पुढे तो आवाजच भाषेतून गेला, अक्षरे राहिली. त्यामुळे 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरे दिसली की कुणी काय म्हणावे याला धरबंध उरला नाही. लंडन-रेडिंग रस्त्यावर 'स्लाव' नावाचे गाव आहे. त्याचा मूळ अर्थ चिखलाची जागा. तिथे ही अक्षरे 'आव' होतात. लेस्टरच्या परगण्यातील 'लफबरो' मध्ये तीच अक्षरे एकदा 'अफ' होतात आणि त्याच नावात दुसऱ्यांदा 'ओ' पाशी नेतात. एका नावात दोन सोंगे! या लफबरोजवळ डिशली येथे रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने अठराव्या शतकात निवड पद्धतीने लेस्टर मेंढीची जात सुधारली. पशुपैदाशीच्या पुस्तकात त्याचे नाव आपण वाचतो.

चौथे कारण विद्वानांची हौस. लंडनच्या नदीला इंग्रज 'टेम्झ' म्हणतात. तिच्यातला 'एच' कधीच कुणी उच्चारला नव्हता. नाव जुने-भारदस्त दिसावे म्हणून तो मागाहून घुसविण्यात आला. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दातील 'एस' देखील असाच लॅटिनच्या ओढीने आलेला आहे.

फ्रेंच साहेबांची नावे

१०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतील सरदारांनी इंग्लंड जिंकले. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्यांनी गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या व माणसे यांची मोठी नोंदवही करविली. एका अर्थी ती त्यांची जमाबंदीच. नोंदी करणारे कारकून बाहेरचे व गावकरी इंग्रज, तेव्हा नावे लिहिताना कशी ओढाताण झाली असेल ते तुम्हीच ताडा.

या सरदारांनी काही वाडे बांधले व त्यांना स्वतःच्या भाषेत ऐटदार नावे दिली. लेस्टरच्या मुलखात एका किल्ल्याचे नाव पडले 'बेल्व्हॉर', म्हणजे सुंदर देखावा. गावकऱ्यांच्या जिभेला ते पेलले नाही. त्यांनी त्याचे 'बीव्हर' केले. धन्याने लिहावे, रयतेने म्हणावे! आज शेकडो वर्षांनंतर पाटी धन्याची आहे, पण तोंडातले नाव रयतेचेच टिकले आहे. दक्षिणेकडचे 'ब्यूली' हेही असेच 'सुंदर जागा' या फ्रेंच शब्दांचे देशी रूप.

नॉर्फोकची फेरी

या विषयातले खरे आगर म्हणजे पूर्वेकडील नॉर्फोक परगणा. जमीन सपाट, आभाळ मोठे, एप्रिलअखेर मोहरीच्या कुळातील पिवळ्या पिकाने मैलोगणती शेते रंगलेली, मधून जव आणि साखरेच्या बीटाचे पट्टे. गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर ही चार पिकांची जी फेरपालट आपण शेतकी महाविद्यालयात 'नॉर्फोक पद्धत' म्हणून शिकलो, तिचे हे माहेर.

इथे 'विंडम' नावाचे गाव आहे. पाटीवर अक्षरांप्रमाणे ते 'वायमंडहॅम' होते. 'कॉसी' नावाचे गाव आहे, लिहितात 'कॉस्टेसी'. आणि समुद्रकाठी 'हेझ्बरा' आहे. लिहितात ते वाचले तर 'हॅपिसबर्ग' होईल. या हेझ्बऱ्याची कथा मनाला चटका लावणारी आहे. तिथला समुद्रकाठ मऊ मातीचा. लाटा तो दरवर्षी कुरतडतात. कित्येक घरे व शेते समुद्राने गिळली आहेत. त्याच काठावर २०१३ साली आठ लाख वर्षांहून जुनी माणसांच्या पावलांची ठसे उघडी पडली आणि थोड्याच दिवसांत लाटांनी पुसूनही टाकली. संशोधकांनी त्यांची छायाचित्रे व मापे घेतली होती म्हणून निभावले. ज्या गावाचे शेत नि घरही उद्या राहील याची शाश्वती नाही, त्या गावाचे लोक आपल्या नावाचा जुना उच्चार मात्र जिवापाड सांभाळून आहेत.

नॉर्फोकमध्येच होल्कम येथे टॉमस कोक नावाचा जमीनदार होऊन गेला (१७५४ ते १८४२). लिहितात 'कोक', म्हणायचे 'कुक'. पुढे तो 'लेस्टरचा अर्ल' झाला. म्हणजे आडनावही कोडे नि पदवीही कोडे! पण माणूस मोलाचा. मेंढ्यांच्या लोकर कापणीच्या वेळी तो दरवर्षी आपल्या कुळांना व दूरदूरच्या शेतकऱ्यांना बोलावी, शेते फिरून दाखवी, नवी अवजारे व पिके समोर ठेवी आणि चर्चा घडवी. १८२१ पर्यंत हे मेळावे चालले. आज आपण ज्याला शिवारफेरी व पीक प्रात्यक्षिक म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाने त्याचे नाव तरी नीट घ्यावे!

परतीच्या वाटेवर हार्टफर्डच्या परगण्यात रोथॅमस्टेड पाहिले. जॉन लॉझ व जोसेफ गिल्बर्ट या जोडीने १८४३ साली इथे खतांचे प्रयोग सुरू केले. त्या वर्षीच्या हिवाळ्यापूर्वी पेरलेल्या शेताच्या नावात जुना शब्द आहे, त्याचा अर्थ होतो 'रुंद बांध'. त्या शेतात आजही दरवर्षी गहू पेरला जातो. एका पट्ट्याला १८४३ पासून कसलेच खत नाही. दुसऱ्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत. दोन्ही पट्टे शेजारी शेजारी पाहिले की भाषणाची गरज उरत नाही.

इंग्रजांचीही तारांबळ

तुम्ही म्हणाल, हे सारे त्या लोकांना तरी येते का? सगळे नाही. बी. बी. सी. ने आकाशवाणीवर बातम्या देणाऱ्यांसाठी उच्चारांचा सल्ला देणारी समिती १९२६ साली नेमली, आणि १९३० मध्ये नुसत्या इंग्लंडातील गावांच्या नावांसाठी वेगळी पुस्तिका काढावी लागली. श्रूझबरी गावाचे तर गावकऱ्यांतच दोन तट आहेत. निम्मे 'श्रोझबरी' म्हणतात, निम्मे 'श्रूझबरी'. पुण्याहून येताना आपण जी खुसखुशीत 'श्रूझबेरी' बिस्किटे आणतो, त्यांचे नाव याच गावावरून आले. तिथल्या लोकांचा वाद मिटलेला नाही. आपण पुणेकरांनी बिस्किटापुरता तो मिटवून टाकला.

आणि इंग्रजांनी आपल्या नावांचे काय केले होते तेही आठवा. पुण्याचे 'पूना', खडकीचे 'किरकी', वसईचे 'बसीन' केले. त्याबद्दल त्यांना कधी संकोच वाटल्याचे ऐकिवात नाही. मुंबईचे नाव अधिकृतपणे परत यायला १९९५ साल उजाडावे लागले. तेव्हा अण्णांनी 'लायसेस्टर' म्हटले तर कुणी फिदीफिदी हसण्याचे कारण नाही.

मराठीही अगदी सरळ आहे असे मात्र समजू नये. 'चाक' आणि 'चहा' यांतला 'च' एकच लिहितो, पण दोन तऱ्हांनी म्हणतो. 'या जगात नीट जग' असे वाक्य परक्याच्या हाती दिले तर तो दोन्ही 'ज' सारखेच म्हणेल. आपण त्याला हसू नये, समजावून सांगावे.

ध्यानात ठेवण्याजोगे

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आणि परदेशी मुले असलेल्या आई-बापांसाठी थोडक्यात काही खुणा देतो.

१. नावाच्या शेवटी 'सेस्टर' सारखी अक्षरे आली, तर बहुधा नुसते 'स्टर' म्हणावे: लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर. मधे 'एच' असेल तर 'चेस्टर' पूर्ण म्हणावे: मँचेस्टर, विंचेस्टर.

२. 'विक' किंवा 'विच' मधला 'डब्ल्यू' पुष्कळदा मुका असतो: वॉरिक, नॉरिज, ग्रेनिच. गॅटविक व इप्सविच हे अपवाद.

३. शेवटचा 'हॅम' म्हणजे घर, वस्ती. म्हणताना तो 'अम' होतो: बर्मिंगम, नॉटिंगम.

४. शेवटचा 'शायर' घाईत 'शर' होतो: यॉर्कशर, बार्कशर.

५. 'बर्ग' सारखे दिसले तरी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ते बहुधा 'बरा' असते: एडिंबरा.

६. यांतले काहीच आठवले नाही, तर तिथल्या माणसाला सरळ विचारावे. इंग्रज माणूस आपल्या गावाचे नाव सांगायला नेहमी तयार असतो आणि विचारणाऱ्याला कमी लेखीत नाही.

मुलाच्या पत्त्याचा कागद भिंतीवर लावलेला असेल, तर त्याच्या खाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवा. मुलाला फोनवर दोनदा म्हणायला लावा आणि तसाच लिहा. देवनागरी त्या कामाला इंग्रजी लिपीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

जाता जाता कामाची गोष्ट

हा विषय निव्वळ करमणुकीचा नाही, हे शेवटी सांगायला हवे. इंग्रजीत एकाच आवाजासाठी चार स्पेलिंगे चालतात. तोच घोळ आता आपल्या घरात आला आहे. सातबारा मराठीत असतो, पण बँकेचे पासबुक, आधार कार्ड व मुलांचे दाखले यांवर नाव इंग्रजीतही असते. चौधरी हे आडनाव कुणी 'ए-यू' ने लिहितो, कुणी 'ओ-यू' ने, कुणी 'ओ-डब्ल्यू' ने. बापाचे एक, मुलाचे दुसरे, पासबुकात तिसरे. माणूस एकच, पण यंत्राला तो तीन माणसांसारखा दिसतो आणि अनुदानाचा हप्ता अडकून पडतो. माझ्या टेबलाशी येणाऱ्या तक्रारींत अशा तक्रारी थोड्या नसतात.

म्हणून येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. सगळ्यांचे कागद समोर ठेवावेत. आडनावाचे व गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवावे, ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ज्या कागदावर फरक असेल तो दुरुस्त करून घ्यावा. त्याच वहीत दुसऱ्या पानावर आपल्या गावाच्या नावाचा अर्थ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावा. नाव कुठल्या झाडावरून पडले, कुठल्या ओढ्यावरून, कुठल्या देवावरून, हे सांगणारी माणसे आज आहेत. चिझिकच्या वाडीत चीज होत असे हे इंग्रजांना जुन्या नोंदींवरून कळले. आपल्या गावाची अशी नोंद नसेल, तर ती आपणच करावी.